मागाचं गाव, कणांचा माग

सर्नहून परत आले आणि नववी अ च्या पहिल्याच तासाला शेवटच्या बाकावरून हात वर झाला.

"मॅडम, प्रोटॉन बघितला का?"

"नाही."

"मग दोन आठवडे तिकडं केलं काय?"

शेजारच्यानं त्याला कोपर मारलं, "गप की बे." वर्ग हसला. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. गेली सतरा वर्षं मी फळ्यावर खडूनं गोल काढते, त्यात अधिकचं चिन्ह टाकते आणि म्हणते, "हा प्रोटॉन." पोरांना वाटतं, मॅडमनी कधीतरी बघितलेला असणार. आता जगातल्या सगळ्यात मोठ्या मशीनशेजारी दोन आठवडे राहून आलेली बाईसुद्धा 'नाही' म्हणते, तर मग तो आहे हे कशावरून?

आधी जागेबद्दल थोडं. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या बाहेर, फ्रान्सच्या हद्दीला लागून सर्न ही प्रयोगशाळा आहे. १९५४ साली ती सुरू झाली. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांवर बॉम्ब टाकणाऱ्या देशांनी ती वर्गणी काढून उभी केली. भारत २०१७ पासून तिचा सहयोगी सदस्य आहे. हायस्कूलच्या शिक्षकांसाठी तिथं १९९८ पासून उन्हाळी वर्ग भरतो. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला जुलै. जुलैत शाळा भरात असताना रजा कशी मिळवली, हा वेगळा लेख होईल.

ज्यासाठी सर्न प्रसिद्ध आहे ते लार्ज हॅड्रॉन कोलायडर म्हणजे प्रोटॉन पळवून एकमेकांवर आपटायचं मशीन, जमिनीखालच्या २७ किलोमीटर घेराच्या गोल बोगद्यात बसवलेलं. सिद्धेश्वर मंदिर मधोमध धरून सोलापूरच्या नकाशावर तेवढं वर्तुळ काढा. तळं, किल्ला, पेठा, सगळं जुनं शहर आत येतं आणि रेघ जुळे सोलापूरच्या आसपास कुठंतरी पडते. खोली सरासरी शंभर मीटर, म्हणजे आपल्याकडं बोअर पाण्याला लागेस्तोवर तीनशे फूट जाते तेवढी. आणि हा बोगदाही मी आतून बघितला नाही. मशीन चालू असताना किरणोत्सर्गामुळं खाली कोणालाच सोडत नाहीत. आम्हाला दाखवलं ते जमिनीवरचं: चुंबकं तपासायचा हॉल, कंट्रोल रूमच्या काचा, जुनी मशीनं. पोराला हे सांगितलं असतं तर माझी उरलीसुरली पतही गेली असती.

सगळ्याची सुरुवात होते एका सिलिंडरपासून. हायड्रोजनचा साधा सिलिंडर, आपल्या वेल्डिंगवाल्याकडं असतो त्याच्या भावकीतला. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन एवढाच संसार. त्यातला इलेक्ट्रॉन बाजूला केला की प्रोटॉन उरला. (२०२० पासून पहिल्या मशीनमध्ये उलट एक इलेक्ट्रॉन जास्तीचा चिकटवतात आणि पुढच्या मशीनच्या दारात दोन्ही काढून घेतात. असं का, हे आम्हाला अर्धा तास समजावलं. मी ते इथं सोडते.) पूर्ण भरलेल्या एका झोतात साधारण ३०० लाख कोटी प्रोटॉन असतात. आकडा ऐकून छाती दडपते, पण त्यांचं सगळ्यांचं मिळून वजन एका ग्रॅमचा दोनशे कोटीवा भाग आहे.

आता हे पळवायचे कसे? ज्यांच्या घरी जुना डब्बा टीव्ही होता त्यांच्या घरी कण पळवायचं मशीन होतंच. त्या काचेच्या नळीत मागून इलेक्ट्रॉन सुटायचे, वीसेक हजार व्होल्टचा धक्का खाऊन पडद्यावर आपटायचे आणि तिथं ठिपका चमकायचा. एका इलेक्ट्रॉनला एक व्होल्टचा धक्का दिला की त्याला जेवढी ऊर्जा मिळते तिला एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणतात. टीव्हीत वीस हजार. सर्नच्या मोठ्या कड्यात प्रत्येक प्रोटॉनला ६.८ लाख कोटी.

हा हिशोब मी मामंजींना सांगत होते. मामंजींनी चाळीस वर्षं यंत्रमाग चालवला. मशीन म्हटलं की ते कान टवकारतात. त्यांनी विचारलं, "एवढा मोठा चक्कर कशाला? सरळ एका रेषेत पळवायचा की."

सरळ पळवला तर धक्का देणारा भाग एकदाच वापरता येतो, तो भाग ओलांडला की प्रोटॉन गेला. गोल फिरवला तर तोच धक्का पुन्हा पुन्हा देता येतो. झोक्यावरच्या पोराला आपण एका दमात उंच नेत नाही, झोका परत आपल्याकडं आला की थोडा थोडा ढकलतो, तसंच. एक प्रोटॉन २७ किलोमीटरची फेरी सेकंदाला ११,२४५ वेळा मारतो. पूर्ण जोर यायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात एक कोटीहून जास्त फेऱ्या होतात आणि दर फेरीला थोडा थोडा धक्का मिळत राहतो.

शिवाय तो मोठ्या कड्यात एकदम जात नाही. आधी सरळ मशीन, मग छोटं कडं, मग त्याहून मोठं, मग त्याहून मोठं, गाडीचे गियर बदलत जावं तसं. यातलं मधलं एक कडं १९५९ सालचं आहे आणि आजही त्यातूनच प्रोटॉन पुढं जातात. हे ऐकून मामंजी खूश. "जुनं मशीन मोडीत घालायचं नसतं, तेल घालायचं असतं."

गोल फिरवायचं म्हणजे वळवायला काहीतरी हवं. गोफण आठवा. दोरी हातात आहे तोवर दगड गोल फिरतो, सोडली की सुटला. इथं दोरीचं काम चुंबक करतात. वळवणारे मुख्य चुंबक १,२३२. एकेक १५ मीटर लांब, ३५ टनांचा, निळ्या रंगाच्या जाड पाइपासारखा. त्यांच्या वेटोळ्यांतून ११ हजारांहून जास्त अँपिअर करंट जातो. आपल्या घरच्या प्लगमध्ये ५ नाहीतर १५ अँपिअर लिहिलेलं असतं, त्यावरून अंदाज करा. साध्या तांब्याच्या तारेतून एवढा करंट सोडला तर ती वितळून जाईल. म्हणून निओबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रणाची तार वापरतात आणि ती द्रवरूप हेलियमनं उणे २७१ अंशांपर्यंत थंड करतात. एवढ्या थंडीत तारेचा विरोध शून्य होतो, करंट जातो पण तार तापत नाही. अंतराळातल्या रिकाम्या जागेचं तापमान उणे २७० च्या आसपास असतं, म्हणजे हा बोगदा त्याहून गार. मे महिन्यात ४४ अंशांत पेपर तपासणाऱ्या बाईला ही गोष्ट जरा जास्तच लागली.

अशा एका चुंबकाखाली वाकून बघा असं आमच्या वाटाड्यानं मला मुद्दाम सांगितलं. खाली तीन जॅक. ट्रकचं टायर बदलताना लावतात त्याच जातीचे, फक्त ३५ टनांचं धूड केसाच्या जाडीइतक्या अचूकपणे वरखाली सरकवणारे. हे जॅक भारतातून गेलेत, सुमारे सात हजार. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रानं ते काम बघितलं. आवारात भारतानं २००४ साली दिलेला दोन मीटरचा नटराजही आहे आणि सगळे भारतीय त्याच्याजवळ फोटो काढतात. मीही काढला. पण मला जॅकचं जास्त कौतुक वाटलं, आणि त्याच्याजवळ फोटोला गर्दी नव्हती.

वेगाचं मात्र नीट समजून घ्यावं लागतं, इथं पुस्तकं घाई करतात. मोठ्या कड्यात शिरतानाच प्रोटॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळत असतो. पुढच्या वीस मिनिटांत त्याची ऊर्जा पंधरापट होते, पण वेग जवळपास वाढतच नाही. शेवटी तो प्रकाशापेक्षा सेकंदाला जेमतेम ३ मीटरनं मागं असतो, म्हणजे ताशी दहा किलोमीटर, शाळेला निघालेल्या पोराच्या सायकलीएवढा फरक. तो फरक कधीच भरून निघत नाही. ढकलाल तेवढा वेग वाढणार हा आपला नववीचा नियम इथं पुरत नाही. दिलेली ऊर्जा वेगात दिसत नाही, ती टकरीच्या जोरात दिसते. एका प्रोटॉनचा जोर उडत्या डासाच्या सातेक पट, म्हणजे काहीच नाही. पण सगळा झोत मिळून ताशी १५० च्या वेगानं येणारी चारशे टनांची रेल्वेगाडी होते.

असे दोन झोत उलट्या दिशांनी फिरवायचे आणि चार ठिकाणी समोरासमोर आणायचे. ही टक्कर कशासाठी? वर्गात विचारलं तर उत्तर येतं, "फोडून आत काय आहे ते बघायला." अर्धंच बरोबर. नारळ फोडला तर आत खोबरंच निघणार. इथं दोन नारळ एकमेकांवर आपटले आणि आतून कलिंगड निघालं, असा प्रकार आहे. ऊर्जेपासून वस्तुमान तयार होतं, हे आइन्स्टाइनचं समीकरण आपण फळ्यावर लिहून पुसून टाकतो. तिथं ते रोज घडतं. टकरीच्या ऊर्जेतून जे कण बनतात ते प्रोटॉनमध्ये आधी नव्हतेच, आणि त्यातले काही प्रोटॉनपेक्षा कितीतरी जड. सर्नमध्ये २०१२ साली सापडलेला हिग्ज कण तर १३३ पट.

आणि इथंच आपल्या पोराचा प्रश्न परत येतो. हिग्ज बनला तर तो एका सेकंदाच्या लाख-कोटी भागाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. बनला तिथंच मोडला. त्याला बघणार कोण आणि कधी?

बघत नाहीत. माग काढतात.

आमच्या गावाकडं चोरी झाली की माग काढणारा माणूस बोलवायचे. तो चोर बघत नाही, तो माती बघतो. पाऊल किती खोल रुतलं, टाच घसरली का, एकटा होता की ओझं होतं. सर्नचे डिटेक्टर म्हणजे अशी मऊ माती, एकावर एक थरांनी रचलेली. सीएमएस नावाचा डिटेक्टर १४,००० टनांचा आहे. अगदी आतल्या थरात सिलिकॉनच्या चकत्या. विद्युतभार असलेला कण ज्या ज्या चकतीतून गेला तिथं बारीक खूण राहते, खुणा जोडल्या की वाट मिळते. सगळीकडं जबरदस्त चुंबकीय क्षेत्र असतं, त्यामुळं वाट वाकते. कमी वाकली तर कणाचा जोर जास्त, डावीकडं का उजवीकडं यावरून भार धन की ऋण. त्याबाहेरच्या थरात इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण अडकून आपली ऊर्जा सांडतात. त्याबाहेर प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखे अडकतात. यातला सगळ्यात बाहेरचा भाग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी केलाय. एवढं सगळं ओलांडून पार बाहेरच्या थरापर्यंत जातो तो म्यूऑन, इलेक्ट्रॉनचा जाडजूड भाऊ. न्यूट्रिनो नावाचा कण मात्र कुठंच पाऊल उमटवत नाही. त्याचा पत्ता हिशोबातल्या तुटीवरून लागतो. एका बाजूला ऊर्जा गेली आणि दुसऱ्या बाजूचा जमाखर्च जुळत नाही, म्हणजे कोणीतरी न सांगता निघून गेलंय.

मामंजी हे सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे तुझं पण काम मागाचंच की, सूनबाई." सोलापुरात हा विनोद कधीतरी होणारच होता.

आता गंमत अशी की सापडलेल्या खुणांपैकी बहुतेक सगळ्या फेकून देतात. प्रोटॉनच्या पुंजक्यांची गाठ सेकंदाला चार कोटी वेळा पडू शकते आणि दर गाठीत पन्नास-साठ टकरी होतात. एवढं साठवायला जगात जागा नाही. म्हणून खळ्यावर उफणणी करतात तशी उफणणी चालते. पहिली चाळण इलेक्ट्रॉनिक सर्किटांची. काही मायक्रोसेकंदांत ठेवायचं का सोडायचं ठरवते आणि सेकंदाला लाखभर प्रसंग (म्हणजे एकेका गाठीच्या सगळ्या खुणा) पुढं जाऊ देते. दुसरी चाळण कॉम्प्युटरची, त्यातून काही हजार उरतात. भूस उडून जातं आणि दाणे खाली पडतात. पण आपल्या खळ्यावर दाणा कसा असतो हे माहीत असतं. इथं अजून कोणी न बघितलेला दाणा ओळखायचा आहे. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंना मी हे विचारलं, की तुम्ही फेकलेल्यातच काही नवीन असलं तर? त्या म्हणाल्या, आमची झोप त्यानंच उडते.

हिग्ज सापडला म्हणजे काय झालं, हे मला तिथं जाईपर्यंत नीट कळलं नव्हतं. मला वाटायचं, एके दिवशी कोणाच्या तरी स्क्रीनवर तो चमकला असेल. तसं नसतं. शंभर कोटींहून जास्त टकरींत कुठं एक हिग्ज बनतो, तो मोडून कधी दोन प्रकाशकण देतो, कधी चार इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन. पण दोन प्रकाशकण तर इतर कितीतरी कारणांनी निघतात. एकट्या प्रसंगाकडं बोट दाखवून 'हा हिग्ज' असं कोणीच म्हणू शकत नाही.

पेपर तपासणाऱ्यांना हे पटकन समजेल. साठ पोरांच्या वर्गात वीसपैकी मार्कांचा तक्ता मांडला तर आकडे सावकाश चढतात-उतरतात. एखाद्या वर्षी १७ मार्कांवर एकदम टेंगूळ येतं, बावीस पोरं. तुम्ही लगेच म्हणता, काहीतरी भानगड आहे, कॉपी झाली. पण नुसती चार-पाच पोरं जास्त असतील तर? तो योगायोगही असू शकतो. कुठल्या एका पोरावर बोट ठेवता येत नाही, टेंगूळ मात्र खरं असतं. सर्नमध्ये दोन प्रकाशकणांच्या ऊर्जेवरून मूळ कणाचं वजन काढून असाच तक्ता मांडला, आणि १२५ च्या आकड्याजवळ (हे वजन अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मोजतात) टेंगूळ आलं. दोन वेगवेगळ्या डिटेक्टरांवर, एकमेकांचे आकडे न बघता काम करणाऱ्या दोन गटांना. नुसत्या योगायोगानं असं टेंगूळ येण्याची शक्यता ३५ लाखांत एक इतकी खाली आल्यावरच ४ जुलै २०१२ ला त्यांनी जाहीर केलं. पुढच्या वर्षी पीटर हिग्ज आणि फ्रान्स्वा आंग्लेअर यांना नोबेल मिळालं. या जातीच्या कणांना बोसॉन म्हणतात ते आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून, हे वर्गात सांगायला विसरू नका.

एवढी कडक अट कशाला, हेही पुढं कळलं. डिसेंबर २०१५ मध्ये ७५० च्या आकड्यावर आणखी एक टेंगूळ दिसलं. जगभर त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ पर्यंत जास्तीचे आकडे आले आणि टेंगूळ सपाट. योगायोगच होता. पोरांवर कॉपीचा आळ घेण्याआधी मला हे आठवायला हवं.

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत आला, वर्गात नाही. कॅन्सरच्या पेशंटला 'शेक' देतात ते मशीन इलेक्ट्रॉन पळवणारं त्वरकच असतं. आणि मोबाइलवर जी वेब तुम्ही उघडता ती १९८९ मध्ये सर्नच्याच टिम बर्नर्स-ली यांनी सुचवली. शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून. १९९३ मध्ये सर्ननं ती सगळ्यांना फुकट देऊन टाकली. पण या उपयोगांसाठी कोणी बोगदा खणला नव्हता, हेही तितकंच खरं.

मी तिकडून खरी आणली ती एक छोटी गोष्ट, ढगपेटी. स्कॉटलंडच्या डोंगरावर ढग बघत बसलेल्या विल्सन नावाच्या माणसाला ती सुचली, १९२७ मध्ये त्याला तिच्यासाठी नोबेल मिळालं. करायला अवघड नाही. माशांची काचेची पेटी उलटी ठेवायची. तिच्या आत वरच्या बाजूला कापड चिकटवून ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायचं. खाली काळा पत्रा, पत्र्याखाली कोरडा बर्फ, उणे ७८ अंशांचा. अल्कोहोलची वाफ खाली उतरते आणि पत्र्याजवळ इतकी गार होते की नुसतं निमित्त मिळालं की थेंब व्हावेत. ते निमित्त म्हणजे जाणारा कण. तो हवेतले इलेक्ट्रॉन उडवत जातो आणि त्याच्या वाटेवर बारीक थेंबांची पांढरी रेघ उमटते. विमान दिसत नाही, पण त्याच्या मागचा पांढरा पट्टा दिसतो, तसंच.

कापड म्हणून मामंजींनी टेरी टॉवेलचा तुकडा दिला. कोरडा बर्फ सोलापुरात कुठं मिळणार, हा प्रश्न एका डेकोरेटरनं सोडवला. लग्नात नवरा-नवरीच्या एंट्रीला धूर सोडतात तो ह्याचाच. हातात जाड मोजे, खिडक्या उघड्या, आसपास काडेपेटी नाही. पंखा मात्र बंद, वारा लागला की ढग हलतो. पोरं घामाघूम. खिडक्यांना चादरी लावल्या आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरला.

पाच मिनिटं काहीच नाही. मग एक बारीक रेघ. मग आखूड जाड रेघ, ती हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूतून सुटलेल्या अल्फा कणाची. मग केसासारखी वेडीवाकडी, ती इलेक्ट्रॉनची. आणि मग पेटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, ताणलेल्या दोऱ्यासारखी.

"म्यूऑन," मी म्हटलं. वर पंधरा किलोमीटरवर अंतराळातून आलेले प्रोटॉन हवेवर आपटतात, तिथं तो बनतो. त्याचं आयुष्य सेकंदाचा दहा लाखावा भाग, असे दोन-सव्वादोन. प्रकाशाच्या वेगानंही तेवढ्या वेळात साडेसहाशे मीटर होतात, म्हणजे तो इथवर पोचायलाच नको. पोचतो, कारण इतक्या वेगात त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा सावकाश चालतं. आपल्या तळहातातून असे मिनिटाला शंभरेक जातात.

शेवटच्या बाकावरचा पोरगा पेटीवर नाक टेकून उभा होता. त्यानं छताकडं बघितलं.

"मॅडम, वर दहावी ब आहे."

"हो."

"म्हणजे हा आधी त्यांच्यातनं गेला?"

"गेला असणार."

"आणि त्यांना कळलंसुद्धा नाही बे," तो शेजारच्याला म्हणाला, आणि पुढची रेघ मोजायला परत वाकला.